शॉकची सीमारेषा आखणारे प्राध्यापक : चार्ल्स डॅलझील

घराचा मुख्य स्विचबोर्ड उघडला, की एमसीबींच्या रांगेत इतरांपेक्षा थोडे रुंद आणि 'टी' अक्षराचे छोटे बटण असलेले एक उपकरण अनेक घरांत दिसते. वायरमन त्याला सवयीने ईएलसीबी म्हणतो, दुकानदार त्याचे नाव आरसीसीबी असे सांगतो. त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत '३० एमए' असे छापलेले असते. असे आकडे कुठून आले, ते याहून मोठे का नाहीत आणि घरातल्या कोणत्या जोडण्या या उपकरणाच्या पहाऱ्याखाली असायला हव्यात, या प्रश्नांचा माग काढू लागले, की वाट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत जाऊन पोहोचते. विजेचा धक्का या एकाच विषयाचा तेथे अनेक वर्षे अभ्यास करणारे प्राध्यापक चार्ल्स फ्रान्सिस डॅलझील यांचे नाव विद्युत अभियंत्यांच्या जगात सुपरिचित आहे. ज्यांचे प्राण त्यांच्या संशोधनामुळे वाचले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी मात्र ते ऐकलेलेही नसेल.

डॅलझील यांचे कार्य समजून घेण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. घरात फ्यूज किंवा एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे, अशी समजूत सर्रास आढळते. वास्तविक फ्यूज हा वायरचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. १५ अँपिअरचा फ्यूज वितळण्यासाठी तारेतून त्याहून बराच अधिक प्रवाह वाहावा लागतो. ओल्या अंगाच्या, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा विद्युतरोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर अमेरिकेतील १२० व्होल्टच्या दाबाला त्याच्या अंगातून १२० मिलीअँपिअर आणि आपल्याकडील २३० व्होल्टला २३० मिलीअँपिअर प्रवाह जाईल. म्हणजे एक अँपिअरच्या पाव भागापेक्षाही कमी. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा पिवळा दिवासुद्धा याहून किंचित अधिक प्रवाह घेतो. फ्यूजला त्याची दखल घेण्याचे काहीच कारण नाही. माणसाचे हृदय मात्र तेवढ्याने बंद पडू शकते. फ्यूजचा आकडा आणि मृत्यूचा आकडा यांच्यामधले हे प्रचंड अंतर भरून काढणे, हे डॅलझील यांच्या संशोधनाचे सार म्हणता येईल.

१९०४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या डॅलझील यांनी १९२७ मध्ये बर्कले येथूनच विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. काही काळ जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आणि नंतर सॅन डिएगो येथील वीज व गॅस पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी करून १९३२ मध्ये ते अध्यापनासाठी आपल्या विद्यापीठात परतले आणि १९६७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. उद्योगजगतातली ही पाच वर्षे त्यांना पुढे उपयोगी पडली असावीत. शॉक हा विषय बहुतेक प्राध्यापकांसाठी पुस्तकातील सूचनेपुरता असतो. वीज कंपनीत काम केलेल्या माणसासाठी तो खांबावर चढणाऱ्या सहकाऱ्याचा विषय असतो.

त्या काळात या विषयाचे ज्ञान अगदीच तुटपुंजे होते असे नाही. १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात विजेच्या खुर्चीवर पहिली फाशी, म्हणजे अर्थातच फाशी नव्हे तर देहदंड, दिला गेला. तेव्हापासून प्रत्यावर्ती विजेच्या घातकतेची चर्चा होत आली होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विद्युत अभियंते विल्यम कौवेनहोवेन यांचे या विषयावरील काम १९२० च्या दशकातच सुरू झाले होते. (याच कामातून पुढे छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची पद्धत निघाली. कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी ती १९६० मध्ये जगापुढे मांडली. माणूस विजेने कसा मरतो याच्या अभ्यासातून थांबलेले हृदय चालवण्याची विद्या मिळावी, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक विलक्षण योग आहे.) परंतु ही सारी माहिती विखुरलेली होती. धोका व्होल्टमध्ये मोजायचा की अँपिअरमध्ये, हेही सर्वसामान्य तंत्रज्ञांच्या मनात स्पष्ट नव्हते. माणसासाठी सुरक्षित प्रवाह किती, या प्रश्नाला नेमका आकडा देणारे उत्तर कोणाकडेही नव्हते. यंत्र बनवणाऱ्याला नेमका आकडा लागतो, केवळ सावधगिरीचा इशारा त्याच्या कामाचा नसतो.

डॅलझील यांनी प्रश्नाचे तुकडे केले. पहिला प्रश्न, प्रवाह जाणवतो कधी? उत्तर मिळाले, पुरुषांना हातात धरलेल्या तारेतून सरासरी सुमारे १.१ मिलीअँपिअरला. दुसरा प्रश्न अधिक गंभीर होता. विजेची तार हातात आली आणि सुटता सुटेना, असे अपघातग्रस्तांच्या तोंडून नेहमी ऐकू येते. आपल्याकडे विजेने माणसाला ओढून धरले असे म्हणण्याची रीत आहे. वीज कोणाला ओढत नाही. प्रत्यावर्ती प्रवाहाने हाताचे स्नायू आखडतात, मूठ मिटवणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बलवान असल्याने मूठ आवळली जाते आणि माणसाची इच्छा त्यापुढे चालत नाही. मग किती प्रवाहापर्यंत माणूस स्वतःच्या इच्छेने हात सोडवू शकतो? इंग्रजीत या प्रवाहाला दिले गेलेले 'लेट-गो करंट' हे नाव पुढे जगभर रूढ झाले. मराठीत त्याला सुटकेचा प्रवाह म्हणायला हरकत नाही.

याचे उत्तर प्राण्यांकडून मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी माणसेच हवी होती आणि ती विद्यापीठातच मिळाली. वैद्यकीय देखरेखीखाली स्वयंसेवकांचे हात मिठाच्या सौम्य पाण्याने ओले केले जात. मग हातात तांब्याची तार द्यायची, प्रवाह हळूहळू वाढवायचा आणि तार सोडण्यास सांगायचे. सुटली तर थोडा अधिक प्रवाह. असे करत ज्या आकड्याला तार सुटेनाशी होते, त्याच्या अलीकडचा आकडा त्या व्यक्तीचा. वेदना होत असत, घाम फुटत असे. परंतु हृदयाला धोका पोहोचणाऱ्या पातळीच्या बरेच खाली हे प्रयोग थांबत. एकूण १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया यांच्यावरील मोजमापांतून पुरुषांचा सरासरी सुटकेचा प्रवाह सुमारे १६ मिलीअँपिअर आणि स्त्रियांचा सुमारे १०.५ मिलीअँपिअर असा निघाला.

सामान्य संशोधक येथे थांबला असता. डॅलझील यांचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. सरासरीवर आधारलेले संरक्षण निम्म्या लोकांना वाऱ्यावर सोडते, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी संख्याशास्त्राचा आधार घेऊन, शंभरातील साडेनव्व्याण्णव जण ज्या प्रवाहाला हात सोडवू शकतील तो आकडा काढला. पुरुषांसाठी तो ९ मिलीअँपिअर आला, स्त्रियांसाठी ६. मुलांसाठी पुरुषांच्या निम्मा म्हणजे ४.५ मिलीअँपिअर धरण्यात आला. अमेरिकेतील उपकरणांवर पुढे जो ५ मिलीअँपिअरचा आकडा आला, त्याचे मूळ येथे आहे. बर्कलेतल्या धडधाकट पुरुषाला जेमतेम जाणवणाऱ्या धक्क्यापेक्षा तो चार-पाच पटच मोठा आहे, आणि १५ अँपिअरच्या फ्यूजच्या तुलनेत ३००० पट लहान.

या प्रयोगांनी आणखीही काही गोष्टी पुढे आणल्या. वारंवारता बदलून पाहिल्यावर आढळले, की घरोघरी वापरली जाणारी ५० ते ६० हर्ट्झची वीजच स्नायूंना जखडण्याच्या कामी सर्वांत वाईट टप्प्यात मोडते. वारंवारता बरीच वाढवली, तर तेवढाच परिणाम होण्यास अधिक प्रवाह लागतो. एकदिश विजेला पुरुषांचा सुटकेचा प्रवाह सरासरी ७६ मिलीअँपिअरपर्यंत गेला. म्हणजे विजेच्या वितरणासाठी जगाने सोयीची म्हणून निवडलेली वारंवारता माणसाच्या स्नायूंसाठी मुळीच सोयीची नव्हती. १८ ते २२ मिलीअँपिअरचा प्रवाह छातीतून गेल्यास श्वासाचे स्नायूही आखडतात, हेही नोंदवले गेले. हात सुटत नाही आणि श्वासही घेता येत नाही, अशा अवस्थेत माणूस काही मिनिटांत गुदमरतो. हृदयाला थेट धक्का लागण्याची गरजच उरत नाही.

आजच्या संशोधनाच्या नीतिनियमांच्या चौकटीत असे प्रयोग मंजूर होणे अवघड आहे. स्वयंसेवकांत विद्यार्थ्यांचा भरणा होता आणि प्राध्यापकाने बोलावल्यावर विद्यार्थ्याची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. दुसरे असे, की हे आकडे प्रामुख्याने तरुण व निरोगी माणसांचे आहेत. वृद्ध आणि आजारी माणसे त्यात जवळजवळ नाहीत. तरीही या प्रयोगांना पर्याय नव्हता हे मान्य करावे लागते, कारण त्यांच्या अभावी प्रयोग होत राहिले असते ते स्वयंपाकघरांत आणि न्हाणीघरांत, वैद्यकीय देखरेखीविना.

तिसरा प्रश्न, प्राणघातक प्रवाह किती? येथे मात्र माणसांवर प्रयोग शक्य नव्हते. विजेने येणाऱ्या मृत्यूचे मुख्य कारण हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू ताल सोडून नुसते थरथरू लागणे, हे असते. डॉक्टर त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदय थरथरते, पण रक्त पुढे जात नाही. कोलंबिया विद्यापीठात बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या साहाय्याने फेरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये मेंढ्या, वासरे, डुकरे यांसारख्या प्राण्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले होते. मेंढीचे वजन आणि हृदयाचा आकार माणसाच्या जवळपास जाणारा असल्याने तिच्यावर विशेष भर होता. डॅलझील यांनी ही व इतरांची आकडेवारी एकत्र करून तिचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले आणि त्यातून एक छोटेसे सूत्र मांडले. ५० किलो वजनाच्या माणसासाठी धोक्याच्या उंबरठ्यावरचा प्रवाह मिलीअँपिअरमध्ये हवा असेल, तर ११६ या संख्येला धक्क्याच्या सेकंदातील कालावधीच्या वर्गमुळाने भागायचे.

या सूत्राचा अर्थ घरगुती भाषेत सांगायचा, तर धक्का एक सेकंद टिकला तर ११६ मिलीअँपिअर घातक ठरू शकतात. तोच सेकंदाच्या पंचविसाव्या भागात तोडला, तर ही मर्यादा ५८० मिलीअँपिअरपर्यंत जाते. आपण वर पाहिलेला २३० मिलीअँपिअरचा आकडा पहिल्या मर्यादेच्या दुप्पट आहे आणि दुसरीच्या निम्म्याहूनही कमी. जीव वाचवायचा असेल तर प्रवाह किती याइतकेच तो किती वेळ, याला महत्त्व आहे, हे यातून निर्विवाद झाले. या सूत्राबाबत तज्ज्ञांत एकमत झाले नाही, हेही नमूद केले पाहिजे. युरोपातील संशोधकांनी वर्गमुळाऐवजी वेगळ्या आकाराचा आलेख पुढे आणला आणि आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे त्याच वाटेने गेली. परंतु वीज उपकेंद्रांच्या अर्थिंगचा आराखडा करणारे अभियंते आजही, भारतातसुद्धा, गणित मांडताना ११६ हा आकडा वापरतात. उपकेंद्रात पसरलेल्या खडीवर उभा असलेला कामगार किती व्होल्ट सोसू शकेल, हे त्यावरून ठरते.

एव्हाना डॅलझील यांच्यापाशी दोन्ही टोके होती. उरला होता तो दोहोंना जोडणारा दुवा, म्हणजे काही मिलीअँपिअरची गळती ओळखून डोळ्याचे पाते लवण्याआधी वीज तोडणारे यंत्र. घरांत विजेची उपकरणे झपाट्याने वाढण्याचा तो काळ होता. पत्र्याच्या सांगाड्याचे हातातले ड्रिल, अंगणातले गवत कापण्याचे यंत्र, न्हाणीघरातला हीटर, पोहण्याच्या तलावात पाण्याखाली बसवलेला दिवा अशा अपघातांचा डॅलझील अभ्यास करत होते आणि त्यांत पुन:पुन्हा एकच चित्र दिसत होते. उपकरणाच्या आत फेजची तार सांगाड्याला टेकलेली, अर्थिंगची तार तुटलेली किंवा मुळात नसलेलीच, माणूस ओल्या जमिनीवर आणि फ्यूज शाबूत.

या यंत्राचे जनक म्हणून अमेरिकेत डॅलझील यांचे नाव घेतले जाते, ते अमेरिकेपुरते योग्य आहे. जगाचा विचार केला, तर दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींसाठी केलेल्या कामातून पुढे आलेली २० मिलीअँपिअरची उपकरणे १९५७-५८ मध्येच स्टिलफाँटेन या खाणवस्तीतील घरांत बसली होती. ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगलमायर यांनीही १९५७ च्या सुमारास असे उपकरण सिद्ध केले होते. हे गृहस्थ तर शरीराच्या विद्युतरोधाची मोजमापे स्वतःवर करून घेण्यापर्यंत गेले. शोध एकाच वेळी अनेक ठिकाणी लागतात तेव्हा श्रेयाचा वाद होतो. येथे तसा मोठा वाद झालेला दिसत नाही. डॅलझील यांचे खरे श्रेय यंत्रापेक्षा त्या यंत्राला आकडा देण्यात आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

डॅलझील यांनी आपले उपकरण १९६१ च्या सुमारास तयार केले आणि १९६५ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्याचे तत्त्व हिशेबनीसाचे आहे. फेजच्या तारेने घरात गेलेला प्रवाह न्यूट्रलच्या तारेने तेवढाच परत यायला हवा. या दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून नेल्या, की समसमान आणि उलट दिशेच्या प्रवाहांचे परिणाम एकमेकांना छेदून शून्य होतात. प्रवाहाचा काही अंश माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की हिशेब जुळत नाही, कड्यावरील वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि स्विच पडतो. ५ मिलीअँपिअरचा फरक एवढ्या लहान डबीत ओळखायचा, तर त्या संकेताला बळ देणारे काहीतरी हवे होते. ते काम त्या काळात नुकत्याच उपलब्ध झालेल्या अर्धवाहक घटकाने केले. सेकंदाच्या चाळिसाव्या भागात वीज तोडणारे हे उपकरण साध्या सॉकेटच्या खोबणीत मावण्याइतके लहान होण्याचा मार्ग त्यातून खुला झाला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ओट्यावरच्या सॉकेटवर 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन बटणे रोज दिसतात, ती याच वंशातली.

यानंतरचा प्रश्न प्रयोगशाळेतला नव्हता. हे संरक्षण घरातल्या कोणत्या सर्किटांना सक्तीचे करायचे? अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने उत्तर एकदम दिले नाही. १९६८ च्या आवृत्तीत पोहण्याच्या तलावांच्या संदर्भात या उपकरणाचा प्रथम प्रवेश झाला. मग १९७३ पासून घराबाहेरच्या सॉकेटांना आणि १९७४ पासून बांधकामाच्या जागांना ते लागू झाले, १९७५ मध्ये न्हाणीघरांना, १९७८ मध्ये गॅरेजला. हा क्रम पाहिला, की त्यामागचे तर्कशास्त्र ध्यानात येते. पाणी, ओली जमीन किंवा काँक्रीटची फरशी, उघडे अंग आणि हातात धरायचे उपकरण यांपैकी जितक्या गोष्टी एका ठिकाणी येतील, तितका त्या सर्किटाचा हक्क आधीचा.

विरोधही झाला. सुरुवातीची उपकरणे विनाकारण पडतात, काम खोळंबते, अशी ओरड विशेषतः बांधकाम व्यावसायिकांकडून झाली. लांबच लांब ओल्या वायरींतून थोडी गळती होतच असते, त्यामुळे ती तक्रार अगदीच खोटी नव्हती. गॅरेजमधल्या फ्रीझरला स्वतंत्र सॉकेट असेल तर त्याला बरीच वर्षे सूट होती, कारण रात्री स्विच पडला तर सकाळपर्यंत अन्न नासणार. संरक्षण आणि सोय यांची ही ओढाताण आजही संपलेली नाही.

आकड्याबाबतही जग दोन भागांत विभागले गेले. अमेरिकेने ४ ते ६ मिलीअँपिअरदरम्यान पडणारे उपकरण स्वीकारले. हात सुटणे हा तिचा निकष होता. युरोपने ३० मिलीअँपिअर निवडले आणि भारतही त्याच मार्गाने गेला. त्यामागचा विचार असा, की २३० व्होल्टवर ओल्या माणसाला लागणारा धक्का ३० मिलीअँपिअरच्या कितीतरी वर जातो आणि तेव्हा उपकरण सेकंदाच्या पंचविसाव्या भागात वीज तोडते, हृदय वाचते. गळती नेमकी ३० मिलीअँपिअर असेल तर तोडण्यास ०.३ सेकंदाची मुभा असते. मात्र २० मिलीअँपिअरच्या धक्क्यात अडकलेल्या माणसासाठी हे उपकरण पडेलच याची हमी नाही. डॅलझील यांच्या मोजमापांनुसार त्याचा हात कदाचित सुटणार नाही. ३० हा आकडा व्यवहार्य आहे, पण तो तडजोडीचा आकडा आहे, हे वापरणाऱ्याला माहीत असलेले बरे.

आपल्याकडील घरांना डॅलझील यांचा निकष लावायचा, तर पहिला मान न्हाणीघराचा. गीझर आणि तेथील प्रत्येक सॉकेट, दिवासुद्धा, ३० मिलीअँपिअरच्या संरक्षणाखाली हवा. वॉशिंग मशीन, स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळची मिक्सर-किटलीची सॉकेटे, गच्चीवर किंवा अंगणात असलेले सॉकेट, पाण्याच्या टाकीचा पंप ही त्यानंतरची नावे. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना कूलरबद्दल वेगळे सांगायला नको. पत्र्याचा सांगाडा, आत पाण्यात बुडालेला पंप आणि पाणी भरणारा अनवाणी माणूस हे मिश्रण दर उन्हाळ्यात बळी घेते. महावितरणकडूनही कूलरसाठी अशा संरक्षणाचे आवाहन केले जाते. आंतरराष्ट्रीय मानकात सर्वसामान्यांच्या वापरातील ३२ अँपिअरपर्यंतची सॉकेटे आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर घरातील दिव्यांची सर्किटेही ३० मिलीअँपिअरच्या कक्षेत आली आहेत. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी ५ किलोवॅट व त्याहून अधिक भाराच्या जोडण्यांना गळतीरोधक उपकरण बंधनकारक केले आणि पुढे ही मर्यादा २ किलोवॅटवर आणली गेली. २ किलोवॅट म्हणजे एका गीझरएवढाच भार. नियम कागदावर पुरेसा आहे; जुन्या चाळी-वाड्यांतील वायरिंगपर्यंत तो पोहोचलेला नाही.

संपूर्ण घराला एकच आरसीसीबी बसवण्याची आपल्याकडची पद्धत स्वस्त पडते, पण तिच्यात अमेरिकेतल्या फ्रीझरचीच अडचण आहे. गीझरमधल्या गळतीने रात्री सारे घर अंधारात जाते आणि वैतागलेला घरमालक वायरमनला ती डबी काढूनच टाकायला सांगतो. ओल्या जागांचा गट वेगळा, फ्रिज व दिवे वेगळे अशी विभागणी करून दोन किंवा तीन उपकरणे बसवणे अधिक शहाणपणाचे. आतमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या वॉशिंग मशीनसारख्या यंत्रांसाठी साध्या 'एसी' प्रकाराऐवजी 'ए' प्रकारचे उपकरण मागून घ्यावे. गळतीत एकदिश अंश मिसळला, तर साधा प्रकार ती ओळखण्यात कमी पडू शकतो. उपकरणावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आणि एक मर्यादा कधीही विसरू नये. कोरड्या लाकडी स्टुलावर उभ्या माणसाने एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरले, तर जमिनीत काहीच जात नाही, हिशेब जुळतो आणि जगातले कोणतेही आरसीसीबी त्याला वाचवू शकत नाही. ते अर्थिंगला पर्याय नाही, एमसीबीलाही नाही.

आपल्या उपकरणाचा संहितेत प्रवेश झाला, त्याच्या आदल्याच वर्षी डॅलझील विद्यापीठातून निवृत्त झाले होते. पण त्यांचे लेखन थांबले नाही. १९६८ मध्ये प्राणघातक प्रवाहांच्या आपल्याच आकड्यांचा त्यांनी सहलेखकासमवेत फेरविचार प्रसिद्ध केला, आणि १९७२ मध्ये अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या 'स्पेक्ट्रम' मासिकात विजेच्या धक्क्याच्या धोक्यांवर लिहिलेला त्यांचा लेख आजही संदर्भासाठी काढला जातो. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या विद्युत संहितेत स्वयंपाकघरातील ओट्याजवळच्या सॉकेटांचा समावेश झाला, तो त्याच्या पुढच्या वर्षी, १९८७ च्या आवृत्तीत.